पुनाचं साल

रतिलालभाऊच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या आल्या त्याला सहा महिने होऊन गेले, तरी पुना रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकूनच मळ्यात यायचा. फावड्याला आता तिथं काही काम नव्हतं. पण अठ्ठावीस वर्षं जे खांद्यावर वागवलं ते घरी ठेवून निघालं की चालताना त्याला एका अंगाला कलल्यासारखं वाटायचं. तो फावडं न्यायचा, विहिरीजवळच्या लिंबाला टेकवून ठेवायचा आणि संध्याकाळी जसंच्या तसं कोरडं परत आणायचा. निंदायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. रतिलालभाऊ तर मुद्दाम सगळ्यांसमोर विचारायचा.

"पुना, फावडं लईसन कोठे निंघना? आते काय नळी उकरशी का?"

पुना हसायचा. हसण्यावारी नेण्यावाचून दुसरं करणार काय? मालकाच्या थट्टेला गड्यानं हसायचं असतं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

बोरखेडे हे चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. काळी जमीन, विहिरींना पाणी, आणि जिकडं बघावं तिकडं केळी. केळीला पाणी म्हणजे काही गंमत नाही. बारमाही, आठवड्याच्या आठवड्याला पाळी आलीच पाहिजे. म्हणून प्रत्येक बागायतदाराकडं एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, असायचा, आणि सालदाराचं मोठं काम म्हणजे बारे देणं. पाटात पाणी आलं की फावड्यानं एका सरीचं तोंड फोडायचं, ती भरली की मातीनं बुजायचं, दुसरीचं फोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आडदांड गड्यानं बारे दिले तर अर्धी सरी पोहते आणि अर्धी तहानलेली राहते. पुना पाण्यात नुसता पाय ठेवून उभा राहायचा आणि पाणी सरीच्या टोकाला पोहोचलं की नाही ते सांगायचा. तेवढ्यावर त्याचं भागायचं नाही, तो टोकापर्यंत चालत जाऊन डोळ्यांनी बघून यायचा. शेजारच्या मळ्यातले लोक हाक मारून विचारायचे की पुना, आमच्या सरीला उतार बरोबर आहे का बघ रे. तो बघायचा, दोन ठिकाणी फावडं मारायचा, आणि पाणी सरळ चालायला लागायचं. त्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. बाकी अभिमान धरावा असं त्याच्याकडं काही नव्हतं.

नळ्या आल्या ब्याण्णवच्या दिवाळीत. काळ्या, बोटाएवढ्या जाड, केळीच्या प्रत्येक ओळीच्या अंगाला एक याप्रमाणं अंथरलेल्या, आणि प्रत्येक खोडापाशी थेंब थेंब पाणी टाकणाऱ्या. नळ्या बसवायला जळगावहून एक चष्मेवाला पोरगेला फिटर आला होता. त्यानं पुनाला मुख्य पाइपाची चावी दाखवली. आठला उघडायची, बाराला बंद करायची, बाकी काही करायचं नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं.

"आन टोकले पानी पोहचनं का नही, ते कोन देखस?" पुनानं विचारलं.

"ते नळीच बघते, बाबा," फिटर म्हणाला. "तुम्ही आता आराम करा."

आराम कर, हे वाक्य पुनाच्या मनात रुतून बसलं. सालदाराला कोणी आराम कर म्हणालं की त्याचा अर्थ काय होतो, हे त्या पोराला कुठून ठाऊक असणार?

अर्थ गावाला ठाऊक होता. खानदेशात सालदाराचं साल आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पुढच्या आखाजीपर्यंत असतं. आखाजीच्या दिवशी मालक आपल्या गड्याला घरी जेवायला बोलावतो, पुरणपोळी आणि रस वाढतो, जेवण झालं की त्याच्या हातात नारळ देतो आणि खांद्यावर नवा रुमाल टाकतो. झालं, पुढचं साल ठरलं. आणि ज्याला ठेवायचं नसेल त्याला काही सांगत नाहीत. नुसतं बोलावत नाहीत. मागल्या वर्षी झुलालआबांच्या मळ्यात नळ्या आल्या आणि त्यांचा सालदार वना आखाजीला आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, दिवस मावळेपर्यंत दारात बसला. त्याची बायको चूल न पेटवता बसून होती, कारण मालकाकडं जेवायचं असतं ना. बोलावणं आलं नाही. वना आता शिरपूरला जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलतो. धुतलेल्या धोतरातला वना पुनाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. ह्या आखाजीला आपल्या दारात तेच होणार, ही भीती त्यानं सहा महिने पोटात वागवली. भिकुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोलाही, तो ते बोलला नव्हता.

नळ्यांनी फक्त पुनाचंच काम नेलं असं नाही. पूर्वी सरीत पाणी हिंडायचं म्हणून तण माजायचं, आणि तण माजायचं म्हणून बारा बाया निंदायला यायच्या. आता दोन ओळींमधली माती कोरडी ठणठणीत. तण उगवणार कशावर? बारातल्या चार बाया राहिल्या. उरलेल्या आठांत झुंबरबाई होती. तिचा नवरा सहा वर्षांमागं वारला होता, पोर एकच, ती यावलकडं दिलेली. काम सुटल्यावर झुंबरबाईनं चार बकऱ्या धरल्या आणि रतिलालभाऊच्या बांधावरचं गवत कापून ती त्यांना पोसायला लागली. थंडीत एकदा तिनं बकऱ्यांना पाणी पाजायला एका नळीचं टोक सोडलं होतं. नळीचं टोक दुमडून त्यावर एक कडं सरकवलेलं असतं, तेवढं काढलं की पाणी भळाभळा येतं. रतिलालभाऊनं बघितलं, तो चार शब्द बोलला, तिनं चूक झाली म्हटलं आणि विषय तिथं संपला. गावात मात्र तो सगळ्यांच्या लक्षात राहिला.

चैत्र निघाला आणि ऊन असं पडायला लागलं की दुपारी कावळासुद्धा लिंबाबाहेर येईना. त्यातच सोनगीरला रतिलालभाऊच्या भाचीचं लग्न निघालं. घरचे सगळे पाच दिवसांसाठी जायचे होते. जाताना तो जीपमधून खाली वाकून पुनाला म्हणाला, "मळा तुना भरवसावर शे. चावी तेवढी ध्यानमा ठेव."

पहिल्या दिवशी पुनानं चावी उघडली आणि बागेत शिरला. केळीची पानं दुपारच्या उन्हात मिटली होती. उन्हाळ्यात ती मिटतातच, पुनाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पूर्वी मिटलेल्या पानांखाली ओली सरी असायची. आता खाली भेगा पडलेली माती होती आणि खोडापाशी परातीएवढी एक ओल. एवढ्या मोठ्या झाडाला एवढंसं पाणी? त्याच्या जिवाला ते सोसेना. सहा महिन्यांची केळ म्हणजे ऐन खायच्या-प्यायच्या वयाची. तिला चमच्यानं पाजायचं हा कुठला न्याय, असं तो लिंबाखाली बसून स्वतःशीच बडबडत होता.

आणि खरं सांगायचं तर नुसती कणव नव्हती. पुना भला माणूस, पण भल्या माणसाच्या मनातही एखादा कोपरा असतोच. भाऊ परत येईल, बाग हिरवीगार, पानं ताठ झालेली बघेल, विचारील की पुना हे कसं काय झालं, मग आपण सांगू की भाऊ, मी फावड्यानं पाणी दिलं. मग भाऊला कळेल की नळ्या आल्या तरी पुना लागतोच. आणि बारा दिवसांवर आलेल्या आखाजीला बोलावणं येईल. एवढं सगळं त्यानं लिंबाखाली बसल्या बसल्या जुळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विहिरीजवळच्या वीस नळ्यांची कडी काढली. टोकं सोडली, जुन्या सऱ्यांना फावड्यानं तोंडं पाडली आणि नळ्या त्यांत वळवल्या. पाणी धावत आलं. सहा महिन्यांनी पुनाचे पाय चिखलात गेले. तो या ओळीतून त्या ओळीत पळत होता, मातीचा बांध घालत होता, फोडत होता. पन्नाशीच्या माणसाला एवढा आनंद शोभत नाही, पण झाला खरा. बाराला त्यानं टोकं पुन्हा दुमडली, कडी सरकवली, कोणाला कळू नये म्हणून सऱ्यांची तोंडं बुजवली. असे चार दिवस केले.

चूक इथं झाली. सरीच्या पाण्याला जो पुना पाय लावून ओळखायचा, त्याला नळीतलं पाणी समजलंच नव्हतं. त्याला वाटायचं, प्रत्येक नळीचं पाणी आपापलं, इथं चार टोकं सोडली तर तिकडच्या नळीचं काय जातंय? पण सगळ्या नळ्या एकाच पाइपाला जोडलेल्या. खाली वीस तोंडं मोकळी झाल्यावर वर जोरच राहिला नाही. आणि मळ्याच्या वरच्या अंगाला एक चढ होता. मुरमाड जमीन. तिथं पाट कधीच चढला नाही, म्हणून इतकी वर्षं तिथं ज्वारी व्हायची. नळ्या आल्यावर रतिलालभाऊनं पहिल्यांदाच त्या चढावर केळी लावली होती, चारशे खोडं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती कौतुकानं दाखवायचा. पाणी घेऊन त्या चढावर जायची सवय पुनाच्या पायांना कधी लागलीच नव्हती. तो चार दिवसांत एकदाही तिकडं फिरकला नाही. थेंब पडतात ते काय बघायला जायचे, असं त्याला वाटलं.

सहाव्या दिवशी रतिलालभाऊ सोनगीरहून आला आणि लग्नाचे कपडे न बदलता आधी चढावर गेला. चारशे खोडांची पानं खाली लोंबली होती. मधला कोवळा पोंगा, जिथून नवं पान निघतं, तो करपून तपकिरी पडला होता. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात मुरमावरच्या केळीला चार दिवस थेंब मिळाला नाही, दुसरं काय होणार? रतिलालभाऊ एका खोडापाशी खाली बसला तो बराच वेळ उठला नाही. पुना त्याच्या मागं उभा होता. आपण काय केलं हे त्याला तेव्हाच कळलं.

दुपारी फिटर आला. त्यानं चावी बघितली, मोटर बघितली, आणि मग विहिरीजवळच्या नळ्यांची टोकं. वीस नळ्यांच्या टोकांशी चिखल वाळून पोपडे धरलेले होते, कडी उलटी घातलेली होती. कोणीतरी रोज टोकं सोडत होतं, तो म्हणाला, इथं पाणी सुटलं म्हणून वर चढलं नाही. मळ्यात तेव्हा निंदणाऱ्या चार बाया होत्या, शेजारचा भाईदास होता, फिटर होता. रतिलालभाऊनं सगळ्यांकडं पाहिलं. बायांपैकी कोणीतरी हळूच थंडीतली बकऱ्यांची गोष्ट काढली.

रतिलालभाऊ पुनाकडं वळला.

"पुना, मी सोनगीरले व्हतो तवय झुंबरबाई बांधवर येत व्हती का?"

"येत व्हती," पुना म्हणाला.

ती खरंच येत होती. गवत कापायला रोज येत होती. पुना खोटं बोलला नाही. पण त्या दोन शब्दांनी रतिलालभाऊचा चेहरा कसा बदलला हे त्यानं बघितलं, आणि तिसरा शब्द तोंडातून काढला नाही. काढायला वेळ होता. भाऊ क्षणभर त्याच्याकडं बघतच थांबला होता. पुनानं जमिनीकडं पाहिलं, आणि भाऊ समजायचं ते समजला.

त्या संध्याकाळी रतिलालभाऊ झुंबरबाईच्या दारात उभा राहून काय काय बोलला ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाही, हे शेवटचं वाक्य होतं. ती म्हणत राहिली की मी नाही केलं, मी फक्त गवत कापलं. ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी बाकीच्या बागायतदारांनीही तिला बांधावरून उठवलं, कारण नळ्या आता सगळ्यांकडंच येत होत्या आणि असली बाई कोणालाच जवळ नको होती. निंदणीच्या बाया पहाटे पाण्याच्या टाकीजवळ जमायच्या, त्यांची मुकादमीण सुंदरबाई तिच्याकडं बघेनाशी झाली. झुंबरबाई रोज विळा घेऊन टाकीजवळ उभी राहायची आणि बाया निघून गेल्या की परत जायची. पुना टाकीवरून जाताना दुसऱ्या बाजूनं वळसा घालायला लागला. घरी जेवताना भिकुबाई झुंबरबाईचं नाव घ्यायची आणि म्हणायची की बाई अशी नव्हती, कशी काय बिघडली कोण जाणे. पुना भाकरीचा तुकडा मोडायचा आणि तो तसाच ताटात ठेवायचा.

लग्नाच्या घाईत आणि केळीच्या दुःखात आखाजी आलीसुद्धा. सकाळी घरोघरी पितरांच्या घागरी भरल्या गेल्या. लिंबांना झोके बांधले गेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत झुलायला लागल्या, ओट्यांवर पत्त्यांचे डाव पडले. पुना धुतलेलं धोतर नेसून दारात बसला. बोलावणं येऊ नये, असं त्याला त्या दिवशी मनापासून वाटत होतं. नळ्यांनी काम गेलं, मालकानं बोलावलं नाही, वनासारखं शिरपूरला निघून जावं, कोणाचं तोंड बघायला नको.

अकराच्या सुमाराला रतिलालभाऊ स्वतः बोलवायला आला. सालदाराला बोलवायला मालक स्वतः येतो म्हणजे केवढा मान! भिकुबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

रतिलालभाऊच्या ओसरीवर पंगत बसली. खापरावरची पुरणपोळी, वाटीभर रस, कुरडया, सार. पाहुणे होते, भाईदास होता, झुलालआबा होते. रतिलालभाऊनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की नळ्या बसवल्या तेव्हा ह्या आखाजीला सालदार ठेवायचा नाही असंच मी ठरवलं होतं. पण चार दिवसांत चारशे खोडं गेली तेव्हा डोळे उघडले.

"नळ्या काय, बठ्ठाच लेतीन आते," तो म्हणाला. "पन नळ्यास्वर डोया ठेवनारा असा इमानी मानूस पैसा दिसन बी भेटाव नही. त्यानी सांगं म्हनीसन चोर सापडना."

पाहुण्यांनी पुनाकडं बघून माना हलवल्या. झुलालआबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रसाची वाटी पुनाच्या हातात होती. त्यानं ती तोंडाला लावली आणि तशीच रिकामी केली. लाजेनं माणसाचे कान तापतात म्हणतात, पुनाचं डोकंच तापलं होतं. पुढ्यातली पोळी संपवली नाही तर मालकाचा अपमान, म्हणून त्यानं ती संपवली. मग रतिलालभाऊनं नारळ दिला, नवा कोरा रुमाल त्याच्या खांद्यावर टाकला. पुनानं वाकून नमस्कार केला. साल ठरलं.

घरी न जाता तो झुंबरबाईच्या घराकडं वळला. ती दारात बसली होती. अंगणातल्या खुंट्यांना बकऱ्या नव्हत्या. चारा नाही तर ठेवून काय करायच्या, म्हणून तिनं दोन दिवसांपूर्वीच त्या एका खाटकाला दिल्या होत्या. तिनं आधी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग खांद्यावरच्या रुमालाकडं. पुना उभ्या उभ्याच बोलायला लागला, अडखळायला लागला. तिनं त्याला पुरं करू दिलं नाही.

"मी देखं व्हतं, पुनाभाऊ. मी बांधवर गवत कापी ऱ्हायनी व्हती, तू नळीस्ना टोकं सोडी ऱ्हायना व्हता."

तो उंबऱ्याशी टेकला.

"मंग सांगं काब्र नही?"

"मनं कोन मानी?" झुंबरबाई म्हणाली. "आन माले वाटनं, तू सांगशी. रोज वाट देखी मी. टाकीजोगे उभी ऱ्हात व्हती ना, तुनी वाट देखत व्हती. तू तिकडथीन वळसा घालीसन गया."

ती रडली नाही, ओरडली नाही. दार लोटून घेतलं तेही आवाज न करता. पुनाला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो उठला आणि तसाच रतिलालभाऊकडं परत गेला. पाहुणे पत्त्यांना बसले होते. त्यानं भाऊला गोठ्यामागं बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं.

"भाऊ, नळ्या झुंबरबाईनी नही सोड्यात. मी सोड्यात. केळीले पानी कमी पडस असं वाटनं माले."

रतिलालभाऊ आधी हसला. मग पुनाचं तोंड बघून हसायचा थांबला. त्यानं गव्हाणीच्या कडेला हात टेकला. आता हा मारतो की काय असं पुनाला वाटलं. मारलं असतं तरी पुनानं हात वर केला नसता. पण भाऊनं विचारलं ते भलतंच.

"कोनले सांगं?"

"अजून कोनलेच नही."

"मंग सांगू नको." भाऊनं एकदा ओसरीकडं वळून पाहिलं. "मी बठ्ठा गावमा तिनं नाव लिन्हं. तिना दारमा जाईसन बोलनू. आते मी कोनले काय तोंड दखाडू? जे व्हयनं ते व्हई गयं. तुनं साल पक्कं शे. घर जाय, गुपचूप ऱ्हाय."

आणि इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, पुनाला ती स्वतःलाही पुढं कित्येक वर्षं सांगवत नव्हती. त्या वेळी त्याला बरं वाटलं. मालकाला सांगितलं, आपलं काम केलं, साल राहिलं. तो रुमाल खांद्यावर घेऊन घरी आला, भिकुबाईनं रुमालाची घडी हौसेनं उलगडून पाहिली, आणि तो निवांत झोपलासुद्धा. जागा झाला तेव्हा फटफटलं होतं. बायका टाकीकडं निघाल्याचा आवाज येत होता. आखाजी झाली की दुसऱ्याच दिवशी मजुरी सुरू होते, गरिबाचा सण एवढाच. झुंबरबाई आजही तिथं उभी असणार हे त्याच्या मनात आलं, आणि आता ती कोणाचीही वाट बघत नसणार हेही आलं. भाऊचा शब्द ऐकून आपण रात्रभर झोपलो याची त्याला अशी काही शरम वाटली की तो चहा न घेताच उठला. त्यानं खुंटीवरचा रुमाल काढला, नारळ उचलला आणि दोन्ही घेऊन टाकीजवळ गेला.

बाया डोक्यावर टोपल्या घेऊन उभ्या होत्या. झुंबरबाई नेहमीच्या जागी, जरा बाजूला, विळा घेऊन. पुना सुंदरबाईच्या समोर जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरला.

"झुंबरबाईनी काहीच कयं नही," तो म्हणाला. "नळ्या मी सोड्यात. माले इचारं तवय मी गप बसनू. भाऊले बी ठाऊक शे आते."

एका बाईनं डोक्यावरची टोपली काखेत घेतली. पंधरा-वीस बाया आपल्याकडं बघताहेत आणि त्यातली एकही नजर आपली राहिलेली नाही, हे पुनाला मान वर न करता कळत होतं. शेवटी सुंदरबाई झुंबरबाईकडं वळून नुसतं चाल म्हणाली. झुंबरबाई घोळक्यात शिरली. पुनाच्या अंगावरून जाताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं बघावं असं त्यानं काही केलंही नव्हतं, आठ दिवस उशिरा खरं बोलला होता एवढंच. बकऱ्या काही परत येणार नव्हत्या.

रुमालाची घडी आणि नारळ त्यानं रतिलालभाऊच्या ओट्यावर नेऊन ठेवला. भाऊ आत होता, बाहेर आला नाही. दोन दिवसांनी भाऊनं चारचौघांत सांगितलं की नळ्या बसवल्यावर सालदाराला काम ते काय उरतं, उगाच एक माणूस पोसायचा, म्हणून पुनाला मोकळं केलं. टाकीजवळचं बायांचं बोलणं त्यानं बायकांच्या गप्पा म्हणून उडवून लावलं. आसपासच्या गावांत हेच पोहोचलं. त्या वर्षी पंचक्रोशीत अकरा सालदारांची सालं गेली होती, त्यात पुना बारावा, कोणाला त्यात नवल वाटलं नाही.

पुना आता केळीच्या ट्रकवर घड भरायला जातो. ज्या बागा त्यानं पाणी देऊन वाढवल्या त्यांतूनही कधी कधी भराई असते. एकदा अडावदच्या रस्त्यावर ट्रक उभा होता, मजूर सावलीला बसले होते आणि झुलालआबा तिथून चालले होते. त्यांनी पुनाच्या मानेला गुंडाळलेला फडका बघितला, खांद्यावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग बघितले आणि त्यांना गलबलून आलं.

"नळ्यास्नी तुनं साल खादं ना, पुना," ते म्हणाले. "तुनासारखा मानूस, आन नशिबमा हाई दिन उनात."

बाकीच्या मजुरांनी हळहळून माना हलवल्या. त्यातले तिघे खरोखरच नळ्यांनी घरी बसवलेले होते. एक जण पुनाकडं विडी पुढं करत होता. पुनानं नुसतं हो म्हणायचं होतं, काही न बोलता बसला असता तरी चाललं असतं.

"नही, आबा," तो म्हणाला. "ह्या बठ्ठास्नं साल नळ्यास्नी लिन्हं. मनं मीच घालाडं."

आणि मग त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, वीस नळ्या, चढावरची केळी, भाऊनं विचारलेला प्रश्न, आपलं उत्तर, आखाजीची पंगत. जेवणाशी आल्यावर झुलालआबा अस्वस्थ झाले, कारण पाठीवर हात त्यांनीच ठेवला होता. राहू दे, पुना, ते म्हणाले. पण पुना थांबला नाही. विडी पुढं करणाऱ्यानं हात मागं घेतला. सगळं सांगून झालं तेव्हा पुनाचे कान तापले होते, दर वेळी तापतात तसे, आणि त्यानं मान खाली घालून पुढचा घड उचलला.